करड्या छटांचा हिशोब

ज्या घरांत तीन-चार पिढ्यांचा संसार झाला, त्या घरांतील एखाद्या ट्रंकेत किंवा भिंतीतल्या फडताळात जुन्या छायाचित्रांचे एखादे पुडके हमखास सापडते. पगडी घातलेले पणजोबा, खुर्चीत अवघडून बसलेली नऊवारीतील पणजी, मुंजीतला बटू, शाळेच्या पायरीवर ओळीने उभे केलेले विद्यार्थी. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार अशा गावांत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर आपली मागची माणसे दिसण्यासाठी पुष्कळदा एवढाच एक आधार उरलेला असतो. मूळ चित्र पिवळे पडू लागते, कडेला कसर लागते, आणि मग घरातील तरुण मंडळी त्याची संगणकावर नक्कल उतरवून नवी प्रत छापून आणतात.

प्रत हाती येते आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटते. चेहरा तोच, पगडी तीच; परंतु गालावर किंचित हिरवट झाक आलेली असते, कोटाच्या घड्या एका काळ्या डागात बुडालेल्या असतात, आणि कपाळावरचा प्रकाश खडूसारखा पांढराफटक दिसतो. छापणाऱ्याला विचारावे, तर तो सांगतो, "यंत्रच तसे आहे." हे उत्तर अर्धेच खरे आहे. यंत्राला कोणत्या आज्ञा दिल्या, त्यावर बाकीचे अर्धे अवलंबून असते. त्या आज्ञांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चांदीचा करडा

कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंगीत चित्रातून रंग वजा केले की उरते ते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः कृष्णधवल चित्र ही एक स्वतंत्र कला होती आणि तिचे साहित्यही स्वतंत्र होते. ब्रोमाइड कागदावर चांदीच्या क्षारांचा लेप असे. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश जेथे अधिक पडे, तेथे डेव्हलपरच्या द्रावणात चांदीचे अधिक सूक्ष्म कण तयार होत. जेथे कमी, तेथे विरळ. हायपोच्या द्रावणात न वापरलेले क्षार विरघळून जात आणि चित्र पक्के होई. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या साऱ्या छटा एकाच पदार्थाच्या कमी-अधिक दाटीतून येत असल्यामुळे गालावरचा करडा आणि सावलीतला करडा एकाच कुळातले असत.

लाल दिव्याच्या अंधारखोलीत काम करणाऱ्याच्या हाती बरेच काही होते. कागद सॉफ्ट घ्यावा, नॉर्मल की हार्ड, हे तो निगेटिव्ह पाहून ठरवी. चेहरा काळवंडतो आहे असे दिसले, तर एनलार्जरच्या प्रकाशात क्षणभर हाताचा आडोसा धरी. उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे 'इंदू' नावाचे साहित्य एके काळी देशभरातील स्टुडिओंत वापरले जाई. तो कारखाना आता बंद पडला आहे, आणि गावोगावच्या अंधारखोल्याही ओस पडल्या आहेत. त्यांची जागा संगणकाने आणि शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईयंत्राने, म्हणजेच इंकजेट प्रिंटरने, घेतली.

थेंब आणि मागील बाकी

हे यंत्र कसे चालते ते पाहू. एप्सन कंपनीच्या यंत्रांत शाईच्या सूक्ष्म छिद्रामागे एक विशिष्ट स्फटिकमय पदार्थ असतो. त्याला विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो आणि शाईचा एक थेंब बाहेर फेकला जातो. दाब आणि वीज यांचे हे नाते पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधून काढले. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत हेच काम उष्णतेने निर्माण होणारा बुडबुडा करतो. थेंब किती लहान असतो? एप्सनच्या २००५ सालच्या आर २४०० या यंत्राचा सर्वांत लहान थेंब साडेतीन पिकोलिटरचा होता. एका मिलिलिटर शाईत असे सुमारे २८ कोटी थेंब मावतील.

परंतु थेंब कितीही लहान असला, तरी यंत्रापुढे एक मूलभूत अडचण असते. काळ्या शाईचा थेंब काळाच असतो. करडा थेंब काढ म्हटले तर ते त्याला शक्य नाही. दिलेल्या बिंदूवर थेंब टाकायचा किंवा टाकायचा नाही, यांतूनच त्याला निवड करावी लागते. मग करडी छटा कशी येते? ठिपके जवळजवळ टाकले की डोळ्याला गडद दिसते, दूरदूर टाकले की फिके दिसते.

हे ठिपके कोठे टाकायचे याचे एक सुंदर गणित रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही ते सहज समजेल. समजा, एका बिंदूवर ४० टक्के काळेपणा हवा आहे. यंत्र तेथे शून्य किंवा शंभरच देऊ शकते. त्याने शून्य दिले, तर ४० टक्के देणे राहिले. ही बाकी सोडून न देता शेजारच्या बिंदूंच्या खात्यांवर ती ठरावीक वाट्यांनी ओढली जाते. पुढच्या बिंदूचे देणे त्यामुळे वाढते, आणि ते पुरेसे वाढले की तेथे थेंब पडतो. अशा रीतीने प्रत्येक ठिकाणी थोडी चूक होते. परंतु चूक पुढच्या पानावर ओढली जात असल्याने एकूण हिशोब जुळतो. आजची यंत्रे या तत्त्वाची अथवा त्यासारख्या इतर पद्धतींची निरनिराळी रूपे वापरतात.

रंगांतून घडवलेला करडा

तरीही फिकट भागांत एक उणीव राहते. कपाळावर, पांढऱ्या धोतरावर फार थोडे ठिपके लागतात, आणि काळे असल्यामुळे ते मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखे वेगळे दिसतात. गावोगावच्या छोट्या स्टुडिओंत बहुधा सहा शायांची यंत्रे असतात; त्यांत काळी शाई एकच. म्हणून यंत्राची मूळ आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, फिकट भागांत काळ्या शाईचा वापर टाळते आणि निळसर, किरमिजी व पिवळी या शायांच्या मिश्रणातून करडा घडवते.

रंगांतून करडा घडवणे हे रंगांतून लाल किंवा हिरवा घडवण्यापेक्षा कठीण आहे. जास्वंदीच्या लाल रंगात थोडा फरक पडला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र एका शाईचा तोल जरा ढळला की डोळा लगेच म्हणतो, हे हिरवट आहे, हे गुलाबी आहे. शिवाय हा करडा प्रकाशागणिक बदलतो. दुकानातील ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी दाराबाहेर उन्हात नेऊन पाहण्याची आपल्याकडच्या स्त्रियांची रीत यामागे हेच कारण आहे. दोन प्रकाशांत रंगाचे मिश्रण दोन तऱ्हेने दिसते. आमच्या शाळेसाठी एका जुन्या मुख्याध्यापकांच्या छायाचित्राची प्रत शहरातील एका स्टुडिओतून करून आणली होती. सभागृहातील ट्यूबलाइटखाली ती हिरवट दिसे आणि व्हरांड्यात आणली की तांबूस. मूळ ब्रोमाइड मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच करडे होते.

वाट काढणारी माणसे

या अडचणीतून वाट काढण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले. ग्रॅहम नॅश हा प्रसिद्ध गायक हौशी छायाचित्रकारही होता. त्याने आणि मॅक होल्बर्ट याने १९९१ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे नॅश एडिशन्स ही संस्था काढली. मुद्रणालयांत छपाईपूर्वीचे नमुने काढण्यासाठी बनवलेले आयरिस ३०४७ हे अवजड यंत्र त्यांनी कलाकृती छापण्याकडे वळवले. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळच्या शाया मात्र लवकर विटत.

दुसरे नाव जॉन कोन या मुद्रकाचे. व्हरमाँट राज्यातील त्याच्या मुद्रणशाळेने २००० साली पिएझोग्राफी ही पद्धत बाजारात आणली. कल्पना सरळ होती. यंत्रातील रंगीत शायाच काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी एकाच काळ्याच्या निरनिराळ्या पातळ छटा भराव्यात. पुढे या छटांची संख्या सातपर्यंत गेली. फिकट भागात फिक्या करड्या शाईचे दाट ठिपके, मध्यम भागात मध्यम, आणि गर्द भागात शुद्ध काळी, अशी ही रचना. पातळ शाईचे ठिपके कागदात मिसळून जातात आणि मिऱ्याची पूड दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनीही ही दिशा ओळखली. एप्सनने २००२ सालच्या २२०० या यंत्रात काळीसोबत एक फिकी काळी शाई दिली, आणि २००५ सालच्या आर २४०० मध्ये काळ्याच्या तीन पातळ्या एका वेळी वापरण्याची सोय केली. त्याच यंत्राबरोबर ड्रायव्हरमध्ये कृष्णधवल छायाचित्रांसाठी 'अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' हा स्वतंत्र विभाग आला. त्यात चित्र मुख्यतः या तीन काळ्यांतूनच छापले जाते. रंगीत शाया केवळ झाक देण्यापुरत्या लागतात.

आज्ञावली काय करते

या सर्व उद्योगात एका लहानशा आज्ञावलीचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. रॉय हॅरिंग्टन या अमेरिकन गृहस्थाने तयार केलेली क्वाडटोन रिप ही ती आज्ञावली. ती मुख्यतः एप्सनच्या यंत्रांवर चालते, आणि त्यांतीलही सर्वच नमुन्यांवर चालत नाही. तिचे वैशिष्ट्य हे, की ती यंत्रातील प्रत्येक शाईच्या नळीचा तोटीवरचा ताबा वापरणाऱ्याच्या हाती देते. कंपनीचा ड्रायव्हर आतून काय करतो ते दाखवत नाही. ही आज्ञावली सारा जमाखर्च उघडा ठेवते.

तिचे काम तीन पायऱ्यांत होते. पहिली पायरी शाईची मर्यादा ठरवण्याची. प्रत्येक कागद ठरावीक शाईच पितो. त्यापुढे शाई टाकली तर काळेपणा वाढत नाही; उलट शाई पसरते आणि बारीक रेषा बुजतात. आजोबांच्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होण्याचे हे एक कारण. म्हणून प्रत्येक शाईची शून्यापासून शंभरापर्यंतची पट्टी त्याच कागदावर छापून, कोठे काळेपणा वाढणे थांबते ते पाहायचे आणि तेथे शिवार आखायचे.

दुसरी पायरी वाटणीची. फिकी काळी ही मूळ काळीच्या तुलनेने किती गडद आहे, अतिफिकी किती, हे मोजून आज्ञावलीला सांगायचे. मग पांढऱ्याकडून काळ्याकडे जाताना आधी अतिफिकी शाई, ती पुरेनाशी होऊ लागली की फिकी, आणि शेवटी गर्द काळी, अशी जबाबदारी एका शाईकडून दुसरीकडे सोपवली जाते. एक शाई ओसरत असताना दुसरी चढत जाते, त्यामुळे सांधा दिसत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. तिला समरेषीकरण म्हणता येईल. कागदावर २१ चौकोनांची एक पट्टी छापतात. पहिला चौकोन कोऱ्या कागदाचा, शेवटचा पूर्ण काळा, आणि मध्ये पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या. शाई पूर्ण वाळू द्यावी लागते. काही तासांनी प्रत्येक चौकोनाची उजळी उपकरणाने मोजतात. उजळीच्या मापात शून्य म्हणजे निखळ काळा आणि शंभर म्हणजे निखळ पांढरा. समजा, एखाद्या खडबडीत कागदाचा पांढरा ९६ भरला आणि काळा १८. मधले अंतर ७८, वीस पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पायरीला ३.९ ने उतार हवा आणि बरोबर मधला, अकरावा चौकोन ५७ भरला पाहिजे. तो प्रत्यक्षात ५० भरला, तर चित्रातील सारे मधले भाग हवे त्याहून काळवंडणार. माणसाचा चेहरा बहुधा याच मधल्या टापूत असतो. मोजलेले आकडे आज्ञावलीला दिले की ती प्रत्येक पायरीवरील शाईचे प्रमाण नव्याने ठरवते आणि उतार सरळ करते.

अंधारखोलीतील जाणता कारागीर कागद बदलून आणि हाताचा आडोसा धरून जे साधत असे, त्याचा पाया या तीन पायऱ्यांत मोजमापाने घातला जातो. परंतु पाया म्हणजे घर नव्हे. उतार सरळ झाल्यावर कोणता चेहरा थोडा उजळ ठेवावा, कोणती सावली गर्द होऊ द्यावी, हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तपकिरी छटेचा प्रश्न

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ज्यांना कृष्णधवल म्हणतो, ती जुनी चित्रे पुष्कळदा काळीपांढरी नसतातच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेला अल्ब्युमिन कागद सर्वत्र प्रचलित होता. १८५० साली फ्रान्समधील ब्लांकार-एव्हरार याने तो प्रचारात आणला. त्याच्यावरची छटा ऊबदार तपकिरी असते. लाला दीनदयाळ हे इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून नोकरीस होते. येथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि होळकर दरबाराच्या आश्रयाने त्यांची कीर्ती पसरली. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काळच्या प्रती या तपकिरी कुळातल्या आहेत. अशा चित्राची प्रत निळसर काळ्या छटेत छापली तर तपशील सारा येतो, पण तो काळ हरवतो.

चांगल्या आज्ञावलीत याची सोय असते. क्वाडटोन रिपमध्ये ऊबदार आणि थंड अशा दोन छटांच्या मांडण्या हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. उजळ भागांना एक आणि सावल्यांना दुसरी छटाही देता येते. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये तटस्थ, थंड, ऊबदार आणि सेपिया असे पर्याय आहेत. कोणता निवडायचा, हे मूळ चित्र शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात ठरवावे. सेपियाचा भडक मुलामा चढवून नवे चित्र जुने भासवण्याची जी टूम निघाली आहे, तिचा आणि या निवडीचा काही संबंध नाही.

काजळीची शाई

शेवटचा प्रश्न टिकाऊपणाचा. जी शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, ती उजेडाने आणि हवेतील ओझोनने लवकर फिकी पडते. जी सूक्ष्म कणांची, म्हणजे पिगमेंट शाई असते, ती दीर्घकाळ टिकते. त्यांतही काळ्याचा कण बहुधा शुद्ध कार्बनचा असतो, आणि कार्बन प्रकाशाला बधत नाही. आपल्या जुन्या पोथ्या आठवाव्यात. दिव्याच्या काजळीत डिंक घोटून केलेली त्यांची शाई कागद तांबूस होऊन जीर्ण झाला तरी काळीच राहिलेली दिसते. तिच्यातही तोच कार्बन आहे. म्हणून जे चित्र जवळजवळ सर्वस्वी काळ्या शायांत छापले आहे, ते टिकण्याची शक्यता अधिक. रंगांच्या मिश्रणातून घडवलेल्या करड्यात मात्र एखादा रंग इतरांच्या आधी विटला, की उरलेल्यांचा तोल जातो आणि चेहऱ्यावर पुन्हा झाक चढते.

कागदाचीही निवड हवी. झगझगीत शुभ्र दिसणाऱ्या पुष्कळ कागदांत उजळपणा आणणारी रसायने असतात. कालांतराने त्यांचा परिणाम ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. आम्लरहित सुती कागद थोडा कमी शुभ्र, पण अधिक भरवशाचा.

घरच्या माणसांनी काय करावे

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, आम्ही काय घरात छापखाना काढावा? तशी गरज नाही. प्रत करून घेताना चार प्रश्न विचारण्याइतके ज्ञान पुरे आहे. यंत्रात काळ्याच्या एकाहून अधिक शाया आहेत का? ड्रायव्हरमधला कृष्णधवल विभाग वापरणार का? शाई पिगमेंटची आहे का? आणि मोठी प्रत काढण्यापूर्वी केवळ चेहऱ्याच्या भागाची हातभर नव्हे, बोटभर रुंदीची पट्टी छापून द्याल का? ती पट्टी घरी आणावी, एक दिवस वाळू द्यावी, आणि जेथे चित्र टांगायचे त्याच भिंतीवर, सकाळच्या उजेडात व रात्रीच्या दिव्याखाली पाहावी. तिच्यात झाक दिसली तर ती मोठ्या प्रतीतही दिसणार. नक्कल उतरवताना ती सोळा बिटांत उतरवावी. आठ बिटांत करड्याच्या २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांत ६५,५३६, आणि पुढे दुरुस्ती करताना हा पैस कामी येतो. मूळ चित्र मात्र नवी प्रत कितीही चांगली आली तरी टाकून देऊ नये.

एक काम अशा कोणत्याही आज्ञावलीला करता येत नाही. पणजीच्या शेजारी उभी असलेली ती मुलगी कोण, हे सांगू शकणारे घरात आज बहुधा एखादेच माणूस उरलेले असते. नवी प्रत छापून आली की तिच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि अदमासे साल लिहावे, आणि हे काम त्या माणसाच्या शेजारी बसून, शक्यतो याच सुट्टीत करावे.